कावडीचा रकाना

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी रचना मेश्राम धाकट्या भावाच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसायची, त्याचं मनगट हातात घ्यायची आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं तिला मान्य नव्हतं. शाळेत नववीच्या मुलांनाही ती सांगे, की घाईत मोजलेल्याची चूक चौपट होते. संघदीप तोवर डोळे मिटून पडलेला असे. मोजून होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही, असा नियम होता.

"किती?" मिनिट संपलं की तो विचारी.

"बावन्न."

"मंग ठीक आहे," म्हणून तो भिंतीकडे तोंड करून आणखी दहा मिनिटं झोपे.

२०१३ सालच्या मे महिन्यापासून हे चाललं होतं. संघदीप सव्वीस वर्षांचा, मुंबईच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचा उजवा बचावपटू. अर्जुनी मोरगावच्या शाळेच्या मैदानावरून पगारी फुटबॉलपर्यंत गेलेला तालुक्यातला तो एकटाच. फेब्रुवारीत एका सामन्यात उजव्या मांडीचा मागचा स्नायू फाटला. पळता पळता कोणीतरी मागून गोटा मारल्यासारखं वाटलं, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. मे महिन्यात करार संपला. क्लबने हात वर केले नाहीत, पण हातही धरला नाही. निरोप एवढाच आला, की चार ऑगस्टला या. पहिल्या दिवशी पळण्याची चाचणी, पाचव्या दिवशी पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना. दोन्हींत पाय टिकला तर वर्षाचा करार, नाही तर जय भीम. जागा एक होती आणि तिच्यासाठी आणखी एक जण येणार होता.

क्लबचे फिटनेस ट्रेनर लोबो सर यांनी एक तक्ता पाठवला होता. रचनाने तो सायबर कॅफेतून छापून आणला, घरी पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली स्वतःच्या अक्षरात आठवडे आखले. पद्धत सोपी होती. किती मिनिटं मेहनत केली आणि ती दहापैकी किती जड गेली, यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. आठवड्याचा भार हळूहळू चढवत न्यायचा आणि शेवटच्या दहा दिवसांत उतरवायचा. चढवला नाही तर नव्वद मिनिटांचा दम येत नाही. उतरवला नाही तर दम असतो, पण थकव्याखाली गाडलेला असतो आणि अशा वेळी फाटलेला स्नायू पुन्हा फाटतो. तक्त्यात शेवटचा रकाना 'इतर हालचाल' असा होता. तो संघदीपने स्वतः भरायचा होता.

आई, कुसुमबाई, पहिल्या दिवसापासून या प्रकाराची मजा घेत होती. "रोज त्याचेच काऊन? माझेबी मोज ना वं. का मी माणूस नाई?"

"तू पाच वाजेपर्यंत पडून तर राहा."

"रविवारी राहीन."

आणि ती खरंच रविवारी पडून राही. चोपन्न वर्षांची बाई, कधी डॉक्टरसमोर हात न धरलेली, लेकीला मनगट देऊन गालातल्या गालात हसत असे. रचना तिचा आकडा तक्त्याच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवी. जूनमध्ये तो एकाहत्तर, सत्तर, बहात्तर असा होता. घरातली एक गंमत म्हणून तो तिथे होता, त्याला रकाना नव्हता.

जुलैच्या नऊ तारखेपर्यंत सगळं आखल्याप्रमाणे चाललं. संघदीपचे ठोके एकावन्न ते त्रेपन्नच्या पलीकडे गेले नाहीत. दहा तारखेला छप्पन्न आले. बारा तारखेला एकोणसाठ. पंधराला त्रेसष्ट. रचनाने त्या दिवशी दोनदा मोजले.

भाराचे आकडे मात्र तक्त्यात होते तसेच, सरळ चढत चाललेले. एकाही दिवशी ठरल्यापेक्षा जास्त मेहनत नव्हती. मग ठोके कशाने वाढले? सायन्स शिकलेल्या माणसाला अशा वेळी भीती कमी आणि अपमान जास्त वाटतो. तिने एकेक कारण घेऊन खोडायला सुरुवात केली. ताप नव्हता, तरी ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासलं. मलेरिया नव्हता. झोप आठ तास. अंडी, वरण, भात, तलावातली मासोळी, सगळं पूर्वीसारखं.

संघदीपकडे त्याचं स्वतःचं उत्तर तयार होतं. मैदानावर तीनशे मीटरच्या दहा फेऱ्या पळताना सातव्या फेरीपासून त्याचे पाय जड होऊ लागले होते. जूनमध्ये त्याच फेऱ्या त्याने हसत मारल्या होत्या.

"दमच नाई राहिला ताई," तो बूट धुताना म्हणाला. "चार महिने बसून होतो ना. मॅच फिटनेस मॅच खेळूनच येते. चुन्नीलालभाऊ म्हणून राहिले तं सौंदडच्या टूर्नामेंटच्या तिन्ही मॅच खेळून घेतो. अन् संध्याकाळच्या फेऱ्या दहाच्या पंधरा करतो."

"आणि हा दम नसून थकवा असला तर?"

"थकाले का केलं मी? तूच पाह्य ना तक्ता."

तिथेच सगळी मेख होती. तयारी कमी पडली तरी पाय जड वाटतात आणि तयारी जास्त झाली तरी पाय जडच वाटतात. आतून दोन्ही सारखेच. पहिल्यावर उपाय जास्त पळणं, दुसऱ्यावर उपाय न पळणं. उपाय उलटा पडला तर चार ऑगस्टला गोटा पुन्हा मागून येणार. आणि तक्ता संघदीपच्या बाजूने बोलत होता.

रचनाने फेऱ्या वाढवू दिल्या नाहीत, पण तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. सौंदडचा पहिला सामना तो पूर्ण खेळला, सेमीफायनलही खेळला. चुन्नीलाल कटरे खूश होता. अर्जुनीच्या टीमचा तो सगळं काही होता, मॅनेजर, कोच आणि पंक्चर झालेल्या फुटबॉलचा डॉक्टरही, कारण त्याचं सायकलचं दुकान होतं. सेमीफायनल जिंकल्यावर घरी येऊन तो म्हणाला, "फायनल अठ्ठावीसले. पूरे नव्वद मिनिट. मॅडम, तुमच्या भावाची गाडी गरम होऊन राहिली, आता ब्रेक नका मारू."

दुसऱ्या दिवशी, एकवीस तारखेला, रविवार होता. संघदीपचे ठोके चौसष्ट आले. रचनाने ते लिहिले आणि सवयीने आईच्या खाटेकडे वळली. कुसुमबाई कुशीवर वळून पडली होती, नेहमीसारखी हसत नव्हती. मिनिट संपलं.

"किती?" आईने विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"जास्त आहे का?"

रचनाने पुठ्ठा खिडकीच्या उजेडात नेला आणि समासातले पेन्सिलीचे आकडे वाचले. सात जुलै, बहात्तर. चौदा जुलै, एकोणऐंशी. एकवीस जुलै, चौऱ्याऐंशी. मग शाईतले आकडे. तेच दिवस, तोच चढ. एक फुटबॉल खेळणारा सव्वीस वर्षांचा माणूस आणि एक फुटबॉलला कधी पायानेही न शिवलेली बाई, दोघांचे ठोके एकाच आठवड्यात वाढायला लागले होते. म्हणजे कारण मैदानावर नव्हतं. कारण दोघांना सामाईक होतं.

शेवटच्या रकान्यात संघदीपचं गिचमिड अक्षर होतं. 'घरीच.' 'घरीच.' 'आराम.' 'घरीच.' नऊ तारखेपासून एकही दिवस सुटला नव्हता. आणि नऊ तारखेलाच त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी सुरू झाली होती.

रचना पुठ्ठा घेऊन खिडकीशीच बसली. संघदीपने काही लपवलं नव्हतं. मंगळवारी शाळेत जाताना तिने त्याला रस्त्यावरून पाहिलं होतं. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, ओल्या पेंढ्या लोंबत होत्या, गुडघाभर चिखलातून तो वरच्या बांधीकडे चालला होता. त्याने हात हलवला होता. तिनेही हलवला होता. आणि दहा मिनिटांनी तिने वर्गात फळ्यावर लिहिलं होतं, कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.

त्याने त्या दिवसासमोर 'आराम' लिहिला, यात त्याचा दोष तेवढाच, जेवढा तिचा होता. या घरात बांधीतलं काम कोणी कधी काम म्हणून सांगितलंच नव्हतं. नोकरी म्हणजे काम. मैदान म्हणजे मेहनत. बांधीत गेलेला माणूस कुठे आहे विचारलं तर सांगायचं, घरीच आहे.

ती उठली आणि शेजारच्या शामकलाबाईंकडून धान मोजायचा टांगता काटा मागून आणला.

बांधीत आठ बाया ओळीने वाकून रोवत होत्या. आज यांच्याकडे, उद्या शामकलाबाईंकडे, अशी गावातली रीत. पऱ्हे उपटून पेंढ्या बांधायच्या आणि त्या बायांपर्यंत पोचवायच्या, हे पुरुषाचं काम. चार वर्षांपूर्वीपर्यंत ते वडील करत, भोजराज मेश्राम, रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमधले. रोवणीला ते सुटी टाकून येत. ते गेल्यावर एक माणूस लावत. यंदा संघदीप घरी होता आणि बापाची कावड कोपऱ्यात उभी होती. कोणी त्याला सांगितलं नाही, त्याने कोणाला विचारलं नाही.

"थांब," रचना म्हणाली. चप्पल धुऱ्याच्या बांधावर काढून, साडी खोचून ती चिखलात उतरली आणि कावडीची एक बाजू काट्याला अडकवली.

"का करून राहिली तू?"

"उचल. सरळ धर."

साडेसतरा किलो. दुसरी बाजू अठरा. बायांनी पाठी सरळ केल्या. कामातून थांबायला निमित्त मिळालं की कोणाला नको असतं.

"पाह्य वं, मास्तरीणबाई भावाले मोजून राहिली!" शामकलाबाई म्हणाल्या. "विकाले काढला का त्याले?"

"मुंबईवाले किलोनं घेतेत म्हणे," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

रचना हसली, पण काटा सोडला नाही. पऱ्ह्यांच्या बांधीपासून शेवटच्या बांधीपर्यंत तिने पावलं मोजली. एकशे ऐंशी, त्यातली शंभर तर पाऊल रुतणाऱ्या चिखलात. "सकाळपासून किती खेपा?"

"कोण मोजते?"

"आई?"

कुसुमबाईने वाकूनच उत्तर दिलं, "जेवणापर्यंत पंचेचाळीस-पन्नास होतेत."

एका खेपेनंतर धुऱ्यावर बसवून तिने त्याचे ठोके मोजले. एकशे अठ्ठावन्न. तिने पदराला हात पुसले आणि वहीत गुणाकार मांडला. चार तास, दहापैकी सहा म्हटलं तरी रोजचा भार चौदाशे चाळीस. लोबो सरांच्या तक्त्यात जुलैच्या सगळ्यात जड आठवड्याचा भार होता सतराशे.

तिने वही त्याच्यापुढे धरली. संघदीपने आकडा पाहिला, मग कावडीकडे पाहिलं, मग पुन्हा आकडा.

"हे तं..." तो म्हणाला. "हे तं बांधीचं आहे. हे कायले धरते?"

"पायाला माहीत असतं का, मैदान कोणतं आणि बांधी कोणती?"

त्याने पायाकडे पाहिलं. फुटबॉल खेळणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. चिखलातून पाय उपसताना मांडीचा मागचा स्नायू कसा ताणतो ते त्याच्याइतकं त्या बांधीत कोणाला ठाऊक नव्हतं. पण पटणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

"मंग का करू? आई वाकून राहीन अन् मी खाटेवर पडून राहू? लोक का म्हणतीन?"

"लोक म्हणतीनच," कुसुमबाई म्हणाली. "पण पऱ्हे वाढून राहिले बाप्पा. दोन बांध्या बाकी आहेत. थांबता नाई येत."

दुपारी रचनाने लोबो सरांना फोन लावला आणि आकडे सांगितले. त्यांनी आकडे पुन्हा विचारले आणि हसू लागले. मग ते म्हणाले, "मॅडम, पैंतीस किलो? कीचड़ में? मेरे पूरे स्क्वॉड में कोई नहीं करेगा." मग हसणं थांबवून म्हणाले, "तीन दिन कुछ नहीं. बिलकुल कुछ नहीं. नाडी नीचे आई तो समझो फिटनेस अंदर है, बस दबी हुई है. नहीं आई तो मुझे फोन करो."

संध्याकाळी ती हे घरच्यांना समजावत होती. मेहनतीतून दोन गोष्टी एकदमच निघतात, दम आणि थकवा. थकवा मोठा दिसतो, पण लवकर ओसरतो. दम सावकाश जातो. म्हणून मध्ये थांबायचं असतं, थांबलो की खालचा दम वर दिसतो. संघदीप मान हलवत होता, पण चेहऱ्यावर खाटेवर पडून राहण्याची लाजच होती.

कुसुमबाई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, "आँ, चिखलणीसारखं."

"कसं?"

"चिखलणी केली का पाणी गढूळच दिसते. खाली जमीन कशी झाली, काही दिसते का? एक रात गाळ बसू द्या लागते. मंग रोवा लागते. तसाच रोवला तं पऱ्हा तरंगते." तिने गोळा थापला. "बसू दे त्याचा गाळ. कावड आपण पाहू."

रचना आईकडे बघत राहिली. समजावून सांगायची जी कला ती बी.एड.ला वर्षभर शिकली, ती या बाईला पीठ मळता मळता जमत होती.

"आपण नाही," ती म्हणाली. "तुझे चौऱ्याऐंशी आहेत. तूही दोन दिवस बसणार. शामकलाबाईंना सांगते, एक माणूस कमी राहील. कावड मी घेते."

"तू?" माय-लेकरं एकदम म्हणाली.

रचनाने शाळेत चार दिवसांची किरकोळ रजा टाकली. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात तिने कावड कधी खांद्यावर घेतली नव्हती, बायांनी ती घ्यायचीही रीत नव्हती. पस्तीस किलो तिला झेपणार नव्हते, म्हणून तिने पेंढ्या निम्म्या केल्या आणि खेपा वाढवल्या. पहिल्या दिवशी तीनदा चिखलात बसली. बायांनी तिसऱ्या वेळी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिला चालीतली लय सापडली, बांबू जसा वर-खाली होतो त्याच ठेक्यात पाऊल टाकलं की वजन अर्धं वाटतं. रोवणी दोन दिवस उशिरा संपली. पऱ्ह्यांना त्याने काही झालं नाही.

घरी संघदीप खाटेवर होता. पहिल्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, "कावूर, कावीळ झाली का रे?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "नवरदेवाले हळद कधी लावून राहिले?" त्याची बहीण चिखलात आणि तो खाटेवर, हे गावाला पचत नव्हतं आणि त्यालाही नाही. तिसऱ्या दिवशी तो न विचारता भांडी घासून बसला. रचनाने तेवढं चालवून घेतलं. दहापैकी एक, वीस मिनिटं, भार वीस. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं, भांडी.

आणि ठोके उतरले. चौसष्ट, एकसष्ट, सत्तावन्न, चोपन्न. पाचव्या सकाळी बावन्न.

"किती?"

"बावन्न."

संघदीप उठून बसला. डोळे पूर्ण उघडे होते. "ताई, पळून येऊ का जरा? पाय ऐकूनच नाई राहिले."

"चार फेऱ्या," ती म्हणाली. "पाचवी नाही."

चारही फेऱ्या त्याने जूनपेक्षा दोन-दोन सेकंद कमी वेळात मारल्या. चौथीनंतर तो मैदानाच्या कडेला येऊन गुडघ्यांवर हात ठेवून हसत राहिला, आणि रचनाने घड्याळ पदराने पुसून पर्समध्ये टाकलं. दम होताच. बांधीनेही तो वाढवला होता, रोजच्या चौदाशे चाळीसच्या भाराने. फक्त वरचा गाळ बसायचा होता.

उरला फायनलचा प्रश्न. सामना अजिबात न खेळता मुंबईला जाणं चुकीचं होतं. मैदानावरचं वळणं, थांबणं, अंगावर येणाऱ्याला खांदा देणं, हे फेऱ्यांतून येत नाही. पण पूर्ण नव्वद मिनिटं म्हणजे आठवडाभर आधी पुन्हा चिखलणी. रचनाने आणि लोबो सरांनी मिळून आकडा ठरवला, साठ.

चुन्नीलालने सौंदडच्या गाडीत हे ऐकलं आणि डबाभर लोक ऐकतील अशा आवाजात म्हणाला, "वा रे वा! प्रोफेशनल प्लेअर! बहिणीले विचारून पळते!"

"चुन्नीलालभाऊ," रचना शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे नवीन ट्यूब आली की तुम्ही किती हवा भरता?"

"जितकी लागते तितकी."

"जास्त का नाही?"

डबा हसला. चुन्नीलालही हसला, पण खिडकीकडे तोंड करून.

मैदान ओलं होतं, पण पाणी साचलेलं नव्हतं. दोन्ही गावांची माणसं छत्र्या घेऊन कडेने उभी होती. संघदीपने पहिल्या दहा मिनिटांत उजव्या कडेने दोनदा वर जाऊन क्रॉस दिले. पस्तिसाव्या मिनिटाला त्याच्याच पासवर अर्जुनीचा गोल झाला. हाफटाइमनंतर सौंदडने फेडला. एक-एक.

पंचावन्नाव्या मिनिटाला रचनाला कळलं, की खरी परीक्षा आता आहे. थकलेल्या माणसाला बाहेर काढणं सोपं. हा थकला नव्हता. तो उडत होता. डावीकडून सुटलेला सौंदडचा विंगर त्याने तीस मीटर मागे धावून गाठला, बॉल अलगद काढून घेतला आणि वर पाहिलं. लोकांनी त्याचं नाव घेतलं. असं अंग वर्षात दोन-चार दिवसच होतं. ते मैदानातून बाहेर काढायला कोण तयार होईल? नव्वद काय, तो एकशेवीस मिनिटं खेळला असता, आणि कदाचित त्याला काही झालंही नसतं. कदाचित. रचनाला त्या शब्दाची किंमत माहीत होती. तीही मैदानाच्या कडेला उभी राहून क्षणभर मोहात पडली.

साठ मिनिटं झाली. ठरलं होतं तसं तिने छत्री मिटली. पाऊस नव्हताच, ती मुद्दाम उघडी धरून उभी होती.

संघदीपने पाहिलं. चुन्नीलाल कडेने ओरडत होता, "खेळ! खेळ! इकडे नको पाहू!" बॉल मध्यात होता. संघदीप चार पावलं बॉलच्या दिशेने धावला. मग थांबला. पंचाकडे हात केला, दंडावरची कॅप्टनची पट्टी सोडून शेजारच्याच्या हातात दिली आणि चालत बाहेर आला. कडेच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी ओरडलं, "अबे, गाडी पकडायची आहे का?"

तो रचनाजवळ येऊन बसला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला.

"हे बावन्न मोजण्यापेक्षा कठीण आहे ताई," तो म्हणाला.

"माहीत आहे."

अर्जुनी दोन-एकने हरली. परतीच्या गाडीत चुन्नीलाल खिडकीकडे तोंड करून बसला. अर्जुनीच्या फलाटावर उतरल्यावर मात्र तो मागे वळला. संघदीपच्या उजव्या मांडीवर त्याने दुकानात टायर तपासतो तशी अंगठ्याने दाबून पाहिली.

"साठ मिनिट तुले पाह्यलं," तो म्हणाला. "आमाले कप नाई भेटला, पण तू मुंबईवरून खाली हात वापस येजो नको. नाई तं मी तुले पुरे नव्वद मिनिट हानीन."

त्यानंतरच्या आठवड्यात संघदीपने जवळजवळ काहीच केलं नाही, आणि ते त्याने मन लावून केलं. तीन तारखेला तो गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने गेला. रचनाने त्याला एक वही दिली. त्यात चार रकाने आखलेले होते आणि चौथ्याचं नाव तिने बदललं होतं. 'इतर हालचाल' खोडून तिथे 'कावड' लिहिलं होतं. जे काम कोणी काम म्हणत नाही, ते इथे लिही, असं तिने फलाटावर सांगितलं. मुंबईत तुझी बॅग कोण उचलतो, चार मजले किती वेळा चढतोस, सगळं.

पहिल्या दिवसाच्या चाचणीचा एसएमएस आला तो एका शब्दाचा होता. पास.

आठ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजता फोन वाजला. कुसुमबाई अंगणात होती, ती आत आली आणि ओल्या हातांनी दाराशी उभी राहिली.

"नव्वद?" रचनाने विचारलं.

"नव्वद. अन् वरचे चार."

"पाय?"

"ताई, पायाची आठवणच नाई आली."

रचनाने डोळे मिटले. एवढं वाक्य ऐकायला ती मे महिन्यापासून पाचला उठत होती.

"सही?"

"उद्या अकराले. लोबो सर म्हणाले, मॅडमले सांग, वही क्लबले पाहिजे. बाकीच्यांलेबी तो कावडीचा रकाना लावतो म्हणे."

कुसुमबाईने फोन हिसकला. "जेवला का?"

"जेवतो आता. आई, तुझे किती आहेत?"

तिने फोनवर तळवा ठेवला. "माझे किती वं?"

"रविवारी सत्याहत्तर होते. बसला नाही अजून गाळ."

"सत्याहत्तर म्हणते," कुसुमबाईने फोनमध्ये सांगितलं. "उद्या मी शामकलाकडे धान निंदाले जाणार आहे, तं हे पोरगी डोळे मोठे करून राहिली."

"नको जाऊ," तिकडून आवाज आला. "मी साठव्या मिनिटाले निघालो होतो, माहीत आहे ना?"

कुसुमबाईने फोन ठेवला, चुलीकडे गेली, परत आली. "एक दिवस," ती रचनाला म्हणाली. "एकच. परवा जाईन."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पाच वाजून दहा मिनिटांनी रचनाने स्टूल ओढलं, आईच्या खाटेपाशी बसली आणि मनगट हातात घेतलं. पुठ्ठ्यावर नवीन कागद होता आणि त्यावर पेन्सिलीने नाही, शाईने आखलेला रकाना.

"किती झाले वं?" विसाव्या सेकंदाला कुसुमबाईने विचारलं.

"बोलायचं नाही," रचना म्हणाली आणि काटा बाराच्या आकड्यावर येईपर्यंत थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.